खुलासा: खड्या मसाल्याने चिकनमधले जंतू मरत नाहीत

चिकन रश्श्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘लवंग, दालचिनी, तमालपत्राची फोडणी दिली की जंतू मरतात. चिकन नळाखाली खळखळून धुवा, मग थोडं कच्चट राहिलं तरी हरकत नाही.’ यातलं शेवटचं वाक्य धोक्याचं आहे.

लवंगेच्या तेलातलं युजेनॉल प्रयोगशाळेत जंतू मारतं, हे खरं. पण ते काढलेलं, तीव्र तेल असतं. रश्श्यात पडतात जेमतेम चार-पाच लवंगा. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे कच्च्या चिकनमधले पोट बिघडवणारे जंतू मरतात ते उष्णतेने. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सल्ल्यानुसार चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं. वर रस्सा रटरटतोय म्हणजे तंगडीच्या हाडाजवळही तेवढी धग पोचली, असं नाही. फ्रीजमधून थेट कढईत टाकलेले मोठे तुकडे तर फार फसवतात. थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता सगळ्यात जाड भागात खुपसून बघा.

कच्चं चिकन धुऊ नका, असंही तेच खातं सांगतं. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, शेजारी चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. न धुता करवतच नसेल (अनेकांना नाही करवत), तर नळाखाली न धरता भांड्यात हलक्या हाताने धुवा आणि नंतर सिंक, ओटा, हात साबणाने स्वच्छ करा.

खडा मसाला जरूर घाला, पण स्वादासाठी. वेलची गरम तेलात टम्म फुगली की पुढचं वाटण टाकायचं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.