मासळीच्या वासाबद्दल आणि बिलातल्या 60 रुपयांबद्दल

ताई नमस्कार, दुकानाचा मालक बोलतोय. हीटरबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला आणि खरं सांगतो आधी रागच आला, एक स्टार आणि वर "हे लोक गिऱ्हाइकाला येडं बनवतात". घरी जाऊन परत वाचला, सकाळी आमच्या दुरुस्तीवाल्या पोराला बसवून सगळं विचारलं, तुमचं बिल काढलं, आणि मग माझा आवाज जरा खाली आला.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताईंनी आमच्याकडून 2000 वॉटचा ब्लोअर हीटर नेला, दुसऱ्या रात्रीपासून बेडरूममध्ये मासळी जळाल्यासारखा वास, घरात अंडंसुद्धा येत नाही त्यामुळे सासूबाईंनी डोक्यावर घर घेतलं, फोन केला तर आम्ही म्हणालो "नवीन आहे, जाईल वास". तो पोरगा चौथ्या दिवशी गेला, 300 रुपये व्हिजिट घेतली, हीटर ओके म्हणाला आणि निघाला. वास तसाच. हे असंच झालंय, यातलं काही नाकारत नाही.

"जाईल वास" हे फोनवर मीच बोललो होतो. त्या आठवड्यात नाशकात थंडी एकदम वाढली, निफाडकडून तर दिवसभर फोन, आणि निम्मे फोन वासाचेच. नवीन हीटरला पहिल्यांदा वास येतोच, आतल्या कॉइलवर कारखान्यातलं थोडं तेल राहिलेलं असतं, जुना असला तर वर्षभराची धूळ जळते, गॅलरीत अर्धा तास फुल चालवला की बहुतेक वेळा संपतं. एकाने तर हीटर माळ्यावर गोधड्यांबरोबर डांबर गोळ्यांत ठेवलेला, काढून लावला आणि अख्ख्या घराला कपाटाचा वास. एकदा पाल निघाली होती, ते जाऊ द्या. तर सवयीने तोंडातून तेच वाक्य गेलं. पण तुम्ही स्पष्ट मासळी म्हणाला होतात आणि ते ऐकून मी तिथंच थांबायला पाहिजे होतं.

कारण मासळीचा वास म्हणजे धूळ नाही. स्विच, सॉकेट, प्लग यांच्या काही प्लास्टिकमध्ये युरियाचं रेझिन असतं, ते फार तापलं की असाच सडक्या मासळीसारखा वास सुटतो, काही जणांना तो लघवीसारखा वाटतो. साधी पीव्हीसी वायर तापली तर वेगळं, तो नाकात झोंबणारा आंबट वास. म्हणजे खरं दुखणं हीटरपेक्षा त्याच्या मागे, भिंतीत शोधायचं असतं.

आणि तुम्ही स्वतःच रिव्ह्यूमध्ये लिहिलंय, "एकावर ठेवला की वास नाही, दोनावर ठेवला की पंधरा मिनिटांत सुरू". ताई, एवढ्या एका ओळीवरून माझ्या पोराला कळायला हवं होतं. एकावर 1000 वॉट म्हणजे साधारण सव्वाचार अँपिअर, दोनावर जवळजवळ पावणेनऊ. तुमच्या बेडरूमचा पॉइंट 6 अँपिअरचा, टीव्ही-चार्जरवाला. त्यात आतली पत्ती ढिली झाली असेल तर पिन आणि पत्ती जिथे टेकतात तिथेच उष्णता तयार होते, करंट दुप्पट झाला की ती चौपट होते. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, का पडला नाही असं तुमच्या मिस्टरांनी विचारलेलं, तर एमसीबीला जास्तीचा करंट कळतो, ढिला जॉइंट कळत नाही, त्याच्या हिशेबाने सगळं ठीक चाललेलं असतं.

आमच्या पोराने काय केलं तर हीटर उचलून किचनमध्ये ओव्हनच्या 16 च्या पॉइंटवर तासभर चालवला, वास आला नाही, झालं, हीटर ओके. इथपर्यंत त्याची पद्धत बरोबर होती, जागा बदलून बघणं हीच पहिली टेस्ट. पण मग उरलेली जागा तपासायची की नाही? जाताना "पॉइंट बघून घ्या" म्हणाला म्हणे. त्याच्या मोबाइलमध्ये फोटो आहे, प्लगची एक पिन काळी पडलेली आणि सॉकेटची प्लेट पिवळी. फोटो काढला आणि तुम्हाला दाखवला नाही, यावर मी काय बोलणार.

आता ते बिल. हीटरचा प्लग 16 चा जाड पिनांचा, तो 6 च्या सॉकेटमध्ये जातच नाही, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. मग तो बसला कसा? हीटरच्या खालच्या ओळीत लिहिलंय, कन्वर्टर 1 नग, 60 रुपये. आमच्याच काउंटरवरून गेला. तुम्ही मागितला असेल, पण द्यायचा की नाही हे आम्हाला कळायला हवं. आजपासून हीटर, गीझर, इस्त्रीबरोबर तो देणं बंद केलंय.

एक गोष्ट मात्र मान्य नाही, "वापरलेला पीस पॅक करून दिला" ही. खोक्याचं सील आम्ही तुमच्यासमोर फोडलं होतं, दोन मिनिटं चालवून दाखवायला. तरी पीस बदलून हवा असेल तर देतो, पण त्या पॉइंटला नवीन लावला तरी वास तोच येणार.

300 आणि 60 दोन्ही परत, आजच पाठवतो. वायरमन उद्या सकाळी येईल, जुना पॉइंट उघडून बघेल, आणि हीटरसाठी मेन बोर्डापासून वेगळी वायर ओढून, शक्यतो 4 स्क्वेअर एमएमची, 16 चा पॉइंट काढून देईल. त्याची मजुरी माझ्याकडे, सामानाचे पैसे तुमचे.

पण हे सगळं लिहायची घाई वेगळ्याच कारणाने केली. शेवटी तुम्ही लिहिलंय, "आता हॉलमध्ये एक्सटेंशनवर लावतो, वास कमी येतो". ताई, तो आधी काढा. कन्वर्टर तोच, त्यात एक्सटेंशनची वायर बारीक, आणि बरेच जण ती सतरंजीखालून नेतात. स्टारचं नंतर बघू. आज रात्री गोधडीच काढा, वायरमन साडेदहापर्यंत पोचेल, निघताना फोन करेल.