एक रणगाडा, तीन खोकी

ऑब्जेक्ट २७९ हा सोव्हिएत रणगाडा १९५९ साली लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्यात उभा राहिला. वजन ६० टन, खाली दोनाऐवजी चार ट्रॅक (चाकांवरून फिरणारे साखळीपट्टे), आणि अणुस्फोटाच्या धक्क्याने उलटू नये म्हणून पालथ्या ताटासारखं फुगीर अंग. पुढच्याच वर्षी ख्रुश्चेव्हने ३७ टनांवरचे रणगाडे नकोत असं फर्मावलं आणि विषय मिटला. आज त्याचा एकच नग उरलाय, मॉस्कोजवळ कुबिन्काला. १/३५ मापात मात्र त्याची किट, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायची प्लॅस्टिकची मॉडेलं, काढली तीन कंपन्यांनी: अम्युझिंग हॉबीने, पांडा हॉबीने आणि टाकोमनेही.

आम्हा मॉडेलवाल्यांचं नशीबच असं. व्हिपेट या पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्यासाठी वर्षानुवर्षं एमहारच्या जुन्या किटवर भागवलं. मग मेंग आणि टाकोम दोघेही एकदमच तो घेऊन आले. कारण साधं आहे. पोलादी साचा महाग, तयार व्हायला वेळ लागतो, आणि तोवर प्रत्येक जण तोंडाला कुलूप लावून बसतो. दुसऱ्याच्या खोक्याचं चित्र झळकेपर्यंत पैसे ओतून झालेले असतात. माघार कोण घेणार?

मग आपण रात्र रात्र बसून दोन खोक्यांतल्या रिव्हेटांची तुलना करायची. माझं ऐकाल तर रिव्हेट सोडा, ट्रॅक बघा. ऑब्जेक्ट २७९च्या एका ट्रॅकला ऐंशीच्या आसपास कड्या, चार ट्रॅकच्या मिळून तीनशेवर. प्रत्येक कडी निपरने (छोट्या कापणाऱ्या पकडीने) चौकटीतून कापायची, टोक घासायचं, आणि साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनेचा खड्डा उमटला असेल तर पुट्टी भरायची. ज्या किटमध्ये हा खड्डा बाहेरून दिसणार नाही अशा जागी आहे, ते घ्यावं. बाकी इतिहासाची निष्ठा वगैरे नंतर.

खरी गोम रणगाड्याच्या पोटाखालच्या, ट्रॅक पेलणाऱ्या दोन लांब तुळयांत आहे. मूळ रणगाड्यात या पोकळ तुळयांतच इंधन भरायचे. किटमध्ये त्यांवर २४ चाकं आणि १२ वरचे रोलर बसतात. तुळई अर्धा मिलिमीटर जरी पिळली तरी रणगाडा तीनच ट्रॅकवर उभा राहतो आणि चौथा हवेत. म्हणून गोंद न लावता आधी जुळवून बघा, मग पातळ गोंद लावून सपाट काचेवर ठेवा, रबरबँडने बांधा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी प्रत्येक चाकाखाली कागदाची पट्टी सरकवायची. जिथे ती सहज जाते, तिथे रडायला सुरुवात करावी. आतली चाकं आणि ट्रॅक तुळया अंगाला चिकटवण्याआधीच रंगवायचे. नंतर तिथे ब्रशही पोचत नाही, एअरब्रशही (रंगाचा फवारा मारणारा) नाही.

फुगीर अंगावरचा सांधा भरल्यावर तो सपाट ठोकळ्याने घासू नका, वळणावर पठार तयार होतं. स्पंजचा पॉलिश पेपर घ्या, ४०० नंबरपासून १००० पर्यंत. रंगाला फार डोकं लागत नाही: हिरवा. तोफेसकट लांबी ३१ सेंटीमीटरच्या पुढे जाते, तेव्हा कपाटाचं दार लागतंय का ते आधी बघा.

आणि एक चोरवाट. आतल्या दोन ट्रॅकचा वरचा भाग पूर्ण झाल्यावर दिसतच नाही. जमिनीला टेकणारा आणि पुढचं-मागचं वळण तेवढं जोडलं तरी पुरतं. उरलेल्या कड्या सुट्या भागांच्या डब्यात टाका. दुसऱ्या कंपनीचं किट घ्याल तेव्हा कळेल, त्या त्याला बसत नाहीत.