‘सगळ्यांना एकच पेपर’ म्हणजे न्याय नव्हे

शिक्षकांमध्ये सध्या एक दावा हातोहात फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘विद्यार्थी वर्गात बसून शिकोत की घरून ऑनलाइन, पेपर एकच, वेळ एकच, पद्धत एकच ठेवा, तोच खरा न्याय. मूल्यमापनात लवचीकता आणली की कॉपी बोकाळते, दर्जा घसरतो आणि शिक्षक कामाखाली पिचतो.’ यातली शेवटची तक्रार मला बरीचशी मान्य आहे. बाकीचं नाही.

‘एकच पेपर म्हणजे न्याय.’ कलनशास्त्राचा तीन तासांचा पेपर घ्या. वर्गातली मुलगी समाकलन कागदावर अर्ध्या मिनिटात मांडते. ऑनलाइन मुलाला तेच समीकरण टाइप करायचंय, नाहीतर फोटो काढून अपलोड करायचाय, आणि मध्येच नेट जातं. प्रश्न शब्दशः तेच, पण एकीचं गणित मोजलं गेलं आणि दुसऱ्याचा टायपिंगचा वेग. जे मोजायचंच नव्हतं ते गुणांत मिसळणं हा वैधतेचा दोष आहे. मूल्यमापनाचे अभ्यासक सॅम्युअल मेसिक यांनी 1989 मध्ये याची सविस्तर मांडणी केली.

शिवाय पेपर एकच असला म्हणून मोजपट्टी एक होत नाही. स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी 1913 मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांना तपासायला दिली. गुण 28 पासून 95 पर्यंत पडले! समानता आणायची तर ती आधी निकषांत आणायला हवी.

‘लवचीकता म्हणजे कॉपीला मोकळं रान.’ भीती खरी आहे, पण तिच्यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे कॅमेऱ्याची पाळत, आणि तो तकलादू आहे. परीक्षेआधी विद्यार्थ्याच्या खोलीचं कॅमेऱ्याने केलेलं स्कॅन ही घटनाबाह्य झडती आहे, असा निकाल अमेरिकेत ओहायोतल्या संघीय न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये एका सरकारी विद्यापीठाच्या प्रकरणात दिला. एआयने लिहिलेला मजकूर ओळखणारं ओपनएआयचं स्वतःचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद झालं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांच्या प्रामाणिक लेखनावर अशी साधनं जास्त वेळा ठपका ठेवतात, हेही त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं. निरपराध मुलावर कॉपीचा शिक्का बसणं ही माझ्या मते कॉपी सुटून जाण्यापेक्षा मोठी चूक आहे.

ज्याचं उत्तर कुठेही तयार मिळतं, त्या प्रश्नाची कॉपी होते. घरी करायचा प्रकल्प एआयकडून लिहून घेता येतो, हे उघड आहे. म्हणून कच्चा खर्डा टप्प्याटप्प्याने मागवायचा आणि शेवटी पाच-सहा मिनिटांची तोंडी घ्यायची. ‘हीच पद्धत का निवडलीस? हा आकडा बदलला तर निष्कर्ष टिकेल का?’ ज्याने काम केलंय तो अडखळत का होईना, उत्तर देतो. आणि ही तोंडी समोरासमोर जितकी चालते तितकीच व्हिडिओ कॉलवर चालते.

‘दर्जा घसरतो.’ या मुद्द्यावर सर्वांत जास्त गोंधळ आहे. लवचीक म्हणजे सैल, असं गृहीत धरलं जातं. खरं तर लवचीक मूल्यमापन आखताना पहिला प्रश्न असतो की काय अजिबात बदलायचं नाही. रसायनशास्त्रातलं टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याची संहती (तीव्रता) मोजण्याचा प्रयोग पाहा. ब्युरेटचं (खुणा असलेल्या काचेच्या नळीचं) वाचन आणि अंत्यबिंदू, म्हणजे थांबायचा नेमका क्षण, पकडणारा हात तपासायचा असेल, तर ऑनलाइन विद्यार्थ्यालाही प्रयोगशाळेत यावंच लागेल. फार तर तारीख निवडू द्या. पण वाचनांवरून संहती काढणं आणि चूक कुठे झाली हे शोधणं तपासायचं असेल, तर प्रत्येकाला वेगळी वाचनं द्या. तो कुठे बसून सोडवतो याने फरक पडत नाही. तसंच, निबंधलेखन हेच उद्दिष्ट असेल तर ध्वनिमुद्रणाचा पर्याय देऊ नये. एखाद्या घटनेची कारणमीमांसा तपासायची असेल तर जरूर द्यावा, मात्र पुरावे, कारणांची साखळी आणि विरुद्ध मताची दखल हे निकष दोन्हीकडे तेच हवेत. तिथे हस्ताक्षराला किंवा उच्चारांना गुण नकोत. वर्गात शिकायचं की ऑनलाइन हे विद्यार्थ्याला निवडू देणारी ‘हायफ्लेक्स’ पद्धत मांडणाऱ्या ब्रायन बीटी यांच्या चार तत्त्वांपैकी एक हेच आहे: वाटा वेगळ्या, पण शिकण्याचं फलित समतुल्य.

‘शिक्षक पिचतो.’ होय, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पाच-पाच पर्याय ठेवले तर तपासणारा बुडणारच. दोन पुरेत, तेही प्रत्येक चाचणीला नकोत. साठ विद्यार्थ्यांची सहा-सहा मिनिटांची तोंडी म्हणजे सलग सहा तास. म्हणून ती सत्रभर विभागून, प्रत्येकाची एकदाच घ्यावी. हे तास संस्थेने शिक्षकाच्या कार्यभारात धरायला हवेत. ते धरले जात नसतील, तर तिथे शिक्षकाची तक्रार रास्त आहे आणि मी तिच्या बाजूने आहे.