वाईन म्हणजे दारू नाही म्हणे!

नाशिकला राहायचं म्हणजे हे वाक्य ऐकायचंच. हळद असो, बारसं असो, गंगापूर धरणाकडे काढलेली सहल असो, कुणीतरी बाटली पुढे करतंच, "अहो, ही वाईन आहे, द्राक्षाचा रस, दारू थोडीच!" द्राक्षं आपली, वायनरी आपल्या, म्हणून अल्कोहोलही आपलं झालं का?

हिशोब तरी करा. वाईनमध्ये साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं. १५० मिलीच्या एका ग्लासात १८ मिली. व्हिस्की ४२.८ टक्के, ३० मिलीच्या पेगात तेरा मिलीही भरत नाही. मग जास्त काय पोटात गेलं? आणि अल्कोहोलयुक्त पेयांमुळे कॅन्सर होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच सांगितलंय. यकृताचं तर सांगायलाच नको.

परवाच्या हळदीत तर माझं डोकंच फिरलं. आमच्या मावशीच्या मुलाने व्यसनमुक्ती केंद्रात राहून दारू सोडली. तो कोपऱ्यात ताकाचा ग्लास धरून बसला होता. काकांनी तो ग्लास हातातून काढून घेतला, वाईनचा दिला. "घे रे, याने काही होत नाही." त्याचा हात थरथरत होता. मावशी उठून मध्ये आली तर तिलाच लोक म्हणाले, "जाऊ द्या हो, आजच्या दिवस!"

आजच्या दिवस? सोडलेल्या माणसाला पहिला घोट पुन्हा तिथेच नेऊन सोडतो, मग बाटलीवर लेबल कुठलंही असो. निस्तरायला मावशी, आणि आग्रह करणारे जेवून घरी!