‘पाच वर्षं घराकडे बघायलाच नको’ हे खरं नाही

“ताबा मिळाला की पाच वर्षं निर्धास्त! रेरामुळे घराला पूर्ण वॉरंटी. गळो, मोडो, बंद पडो, बिल्डर फुकट करून देतो. फक्त फोन करा. तोवर स्वतः काही करू नका, हात लावलात तर वॉरंटी रद्द.” रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तीनदा फिरला. यात थोडं खरं आहे, म्हणून तर लोक विश्वास ठेवतात. पण तो शब्दशः पाळला तर मिळणारा हक्कही हातचा जाईल.

पाच वर्षं खरी आहेत. २०१६च्या रेरा कायद्याचं (घरखरेदीदार आणि बिल्डर यांच्यातले व्यवहार नियमित करणारा कायदा) कलम १४(३) सांगतं की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या सांगाड्यात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष आढळला आणि तो बिल्डरच्या नजरेस आणला, तर त्याने ३० दिवसांत जादा पैसे न घेता तो दूर करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. पण ‘दोष’ या शब्दाकडे नीट बघा. सिमेंट कमी पडून प्लास्टर सुटलं, तो दोष. नळाचा वॉशर झिजला, ती झीज. पंप, गीझर, इन्व्हर्टर यांना कंपनीची वेगळी वॉरंटी असते आणि ती बहुधा पाच वर्षं टिकत नाही. ताबा घेतानाच ती कार्डं मागून घ्या. शिवाय स्वतःच्या जागेत ठेकेदाराकडून चिऱ्याचं घर बांधून घेतलं असेल, तर हे कलम तिथे कामाला येत नाही. ठेकेदाराशी जे कागदावर ठरलं असेल तेवढंच.

‘फोन करा’ हा सल्ला आम्हाला चांगलाच महागात पडला. आमच्या पश्चिमेच्या खोलीत पहिल्याच पावसाळ्यात खिडकीखालची भिंत ओली झाली. साइटच्या माणसाला फोन केला. “पाऊस जाऊ दे, करून देतो.” दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वर्षी तो माणूस नोकरी सोडून गेला आणि ऑफिसातून ऐकायला मिळालं, “तुमची तक्रार आमच्याकडे नाहीच.” मग ताबापत्राची तारीख, फोटो आणि कोणत्या भिंतीला किती उंचीपर्यंत ओल, असं सगळं लिहून ईमेल केला, स्पीड पोस्टही पाठवलं. पाऊस ओसरल्यावर गवंडी आला. त्याने खिडकीच्या पट्टीवर पेलाभर पाणी ओतलं, ते बाहेर न जाता घरात आलं. ग्रॅनाइटचा उतारच आतल्या बाजूला होता! पट्टी काढून नवी बसवायला दीड दिवस लागला. त्यासाठी आम्ही तीन पावसाळे ओल्या भिंतीशेजारी झोपलो.

म्हणून पत्र भर पावसातच लिहा, ओल दिसत असताना. बाहेरचं वॉटरप्रूफिंग जुलैत होत नाही हे खरं, पण तक्रारीची तारीख जुलैचीच हवी. लेखी कळवूनही दाद लागली नाही आणि प्रकल्प नोंदणीकृत असेल, तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क ५,००० रुपये.

‘हात लावू नका’ याने तर सर्वांत जास्त नुकसान होतं. देखभाल करणं आणि मोडतोड करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्हाणीघराच्या फरशा उखडल्या, गच्चीत भोकं पाडून पत्र्याची शेड किंवा डिशचा खांब ठोकला, की बिल्डर “तुम्हीच फोडलंत” म्हणणार आणि त्याला खोटं पाडणं अवघड. त्यामुळे असं काही करण्याआधी त्याला लेखी विचारा. पण गच्चीच्या पाइपाच्या तोंडातला पाला काढल्याने कोणताही हक्क जात नाही. आंब्याची चार पानं त्या जाळीवर आडवी बसली की एका सरीत गच्चीवर घोटाभर पाणी साचतं. आपल्या आजी-आजोबांनी आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, कौलं परतली, पन्हळी साफ केल्या. स्लॅबच्या घरालाही आगोट हवीच.

आपल्याकडे खारा वारा आहे. समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण सांगितलं आहे. ते कमी ठेवलं असेल, तर मीठ सळईपर्यंत लवकर पोचतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फाटतं. बाल्कनीच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत तांबूस डाग किंवा भेग दिसली, तर पुट्टी लावून झाकू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, फोटो काढा. महिन्याने भेग खुणेपुढे गेली असेल, तर ती वाढते आहे आणि पत्रात लिहायला तुमच्याकडे पुरावा आहे. ग्रिलचा रंग मात्र आपणच द्यायचा, दर एक-दोन वर्षांनी.

राहिलं वादळ आणि पूर. ३ जून २०२०चं निसर्ग, मे २०२१चं तौक्ते, त्याच वर्षी जुलैत चिपळूणला आलेलं पाणी, असल्या नुकसानीचा भार बिल्डरवर टाकता येत नाही. त्यासाठी विमा. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही घराची प्रमाणित पॉलिसी मिळते, त्यात वादळ आणि पूर दोन्ही येतात.

आमच्या इमारतीची पाच वर्षं येत्या फेब्रुवारीत पुरी होतात. गणपती झाले की एक इंजिनिअर बोलावून गच्ची, जिने, पाण्याच्या टाक्या आणि प्रत्येक घराची पश्चिमेची भिंत बघायचं ठरलं आहे. जे सापडेल त्याची एकच यादी करून, सगळ्यांच्या सह्या घेऊन, दिवाळीआधी बिल्डरला पोचवायची आहे.