केप रेंजला जाताय? आधी घळीत शिरा

ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून साधारण साडेबाराशे किलोमीटर उत्तरेला एक्समथ हे गाव. तिथून केप रेंज नॅशनल पार्कमध्ये येणारी बरीच मंडळी थेट टर्क्वाइज बेचा किनारा गाठतात, दोन तास पाण्यात काढतात आणि परत फिरतात. मला याचं फार वाईट वाटतं. अर्धं पार्क तर पाठीमागच्या डोंगरात आहे!

आम्ही उन्हं तापायच्या आत मांडू मांडू घळीत शिरलो. तीनेक किलोमीटरची वाट, पायाखाली गोटे, दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे. हा डोंगर म्हणजे एकेकाळचा समुद्रतळ. या घळीच्या ओढ्याकाठच्या एका कातळनिवाऱ्यात शंखांचे मणी सापडलेत, ३०,००० वर्षांहून जुने. तेव्हाही इथे कुणीतरी बसून शंखाला भोक पाडून दोऱ्यात ओवत होतं, या विचाराने मी तिथेच बसून राहिले.

यार्डी क्रीकला समोरच्या लाल कड्यावर रॉक वॉलबी दिसली, म्हणजे कांगारूचीच छोटी बहीण. आधी नुसता दगडच वाटला. मग दगडाने कान हलवला.

दुपारी पाण्यात उतरलो. निंगालूची प्रवाळभित्ती किनाऱ्याला इतकी लगटून आहे की बोट लागतच नाही. पाण्याखाली डोकं घातलं आणि कुरकुर ऐकू आली. पॅरटफिश नावाचा मासा चोचीने प्रवाळ खरवडत होता. तो जे खरवडून गिळतो, त्याची पुढे पांढरी वाळू होते. सकाळी ज्या चुनखडीवरून चाललो, ती समुद्रात कशी साठत गेली असेल, याचा एक धागा इथे डोळ्यांसमोर होता. म्हणूनच म्हणते, आधी घळ बघा, मग पाण्यात उतरा.

एका गोष्टीचा मात्र अजून राग आहे. मास्क नीट करायला एकजण चक्क प्रवाळावर उभा राहिला. पायाखाली जिवंत प्राणी आहेत हो! २०२५ च्या सुरुवातीच्या समुद्री उष्णतेच्या लाटेत इथलं कितीतरी प्रवाळ पांढरं पडलं. जे उरलंय त्यावर आपले पाय कशाला?

ऑयस्टर स्टॅक्स या जागी पाण्यात भरतीच्या वेळीच उतरा, एरवी पोट प्रवाळाला घासतं. टर्क्वाइज बेला दक्षिणेकडून उतरायचं, प्रवाह आपोआप उत्तरेला नेतो, पण वाळूच्या टोकाआधी बाहेर या म्हणजे याच. पुढे भित्तीला खिंड आहे आणि पाणी तिथून खुल्या समुद्रात ओढतं. इथे माणसं बुडाली आहेत. प्रवाहाचं आणि भरतीचं पार्कच्या मिल्येरिंग माहिती केंद्रात आधी विचारून घ्या. पिण्याचं पाणी भरपूर बरोबर न्या. आणि अंधार पडायच्या आत परता, कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात.

आम्ही एकच दिवस ठेवला होता. संध्याकाळी गाडीत बसताना मुलगी म्हणाली, "उद्या परत वॉलबी बघू या ना." आम्ही मुक्काम वाढवला.