इस्ट्रोजेन 'वाढलंय' म्हणजे कधी, कुठे आणि कोणासोबत?

एकच मेसेज गेल्या काही महिन्यांत मला पाच जणींनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: बाईच्या बहुतेक तक्रारींचं मूळ म्हणजे अंगात साठलेलं जादा इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या शरीरातलं एक मुख्य हॉर्मोन. वजन, गाठी, केस गळणं, सगळं त्याचंच. तेव्हा सोया बंद करा आणि लिव्हर साफ करणारं डिटॉक्स पेय चाळीस दिवस घ्या. पाळी गेल्यावर कुणी हॉर्मोन थेरपी, म्हणजे बाहेरून इस्ट्रोजेन देणारं औषध, सुचवलं तर नको म्हणा. ती घेतली की स्तनाचा कॅन्सर ठरलेला, आणि नाहीतरी त्या वयात इस्ट्रोजेनचं काम संपलेलंच असतं.

सगळंच खोटं असतं तर बरं झालं असतं, दोन ओळींत उडवून लावता आलं असतं. पण यात मधूनमधून खऱ्याचे तुकडे पेरलेत.

'इस्ट्रोजेन वाढलंय' यापासूनच सुरुवात करू. मेसेज वाचून एका मैत्रिणीनं परस्पर रक्त तपासून घेतलं आणि रिपोर्टचा फोटो धाडला. इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) २८० पिकोग्रॅम प्रति मिली, भोवती लाल पेनानं गोल. मी विचारलं, "पाळीचा कितवा दिवस होता?" तेरावा. मग बरोबरच आहे! पाळीच्या पहिल्या दिवसांत हा आकडा साधारण ३० ते ५० असतो आणि बीज बाहेर पडायच्या आधी तो २०० ते ४०० पर्यंत चढतो. त्याच बाईचं रक्त दहा दिवस आधी घेतलं असतं तर गोल काढायची वेळच आली नसती. दिवस माहीत नसेल तर त्या आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही.

आता खरा तुकडा. बीज बाहेर पडलंच नाही, जसं पीसीओएसमध्ये (बीजकोशांच्या एका विकारात) किंवा पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत होतं, तर इस्ट्रोजेनचं जोडीदार हॉर्मोन, प्रोजेस्टेरॉन, बनत नाही. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं आणि त्याला आवर घालणारं कुणी नसतं. मग पाळी लांबते, आली की अंगावरून खूप जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पण यात इस्ट्रोजेनचा आकडा पुष्कळदा नॉर्मलच असतो, कमी पडतो तो जोडीदार. म्हणून डॉक्टर प्रोजेस्टेरॉनसारखं औषध देतात, इस्ट्रोजेन 'काढत' नाहीत. दुसरा खरा तुकडा वजनाचा. पाळी गेल्यावर अंगातली चरबी स्वतः इस्ट्रोजेन बनवते, आणि त्या वयातल्या लठ्ठपणामुळे स्तन आणि गर्भाशय दोन्हींच्या कॅन्सरचा धोका वाढण्याचं ते एक कारण आहे.

केसांचं मात्र अगदी उलटं सांगितलंय. गरोदरपणात इस्ट्रोजेन भरपूर असतं तेव्हा केस दाट होतात. बाळंतपणानंतर ते कोसळतं आणि दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात पुंजके येऊ लागतात. बाळंतीण झालेल्या कुणालाही विचारा.

सोयाबद्दल फार लिहायची गरज नाही. त्यातले आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनसारखे दिसतात, पण त्यांचा जोर फार कमी. नेहमी सोया खाणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त आढळलेला नाही.

डिटॉक्सवाल्यांना मी एवढंच सांगेन की इस्ट्रोजेन पहिल्यांदा शुद्ध रूपात हाती लागलं ते १९२९ साली, गरोदर स्त्रियांच्या लघवीतून. म्हणजे शरीर ते रोज बाहेर टाकतं याचा दाखला त्याच्या शोधातच आहे. लिव्हर त्याला पाण्यात विरघळेल असं करतं, पुढचं काम मूत्रपिंड आणि पित्त करतात. बाटलीतल्या पेयासाठी तिथे जागा रिकामी नाही.

आता कॅन्सर, कारण भीती याचीच आहे आणि ती हवेतून आलेली नाही. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र देण्याचा भाग २००२ च्या जुलैत मध्येच थांबवला. स्तनाचा कॅन्सर २६ टक्के वाढला, अशी बातमी जगभर गेली आणि लाखो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. हे २६ टक्के म्हणजे किती? दहा हजार जणींमागे वर्षाला ३० ऐवजी ३८. आठ जणी जास्त. त्या आठ जणींचं महत्त्व कमी नाही, पण 'घेतली की ठरलेला' याच्या आसपासही हा आकडा जात नाही. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बहुतेकींना दहा-बारा वर्षं झालेली.

त्याच चाचणीचा दुसरा भाग मेसेजवाले कधी सांगत नाहीत. गर्भाशयाची पिशवी काढलेल्या दहा हजारांवर स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन किंवा नुसती साखरेची गोळी दिली होती. इस्ट्रोजेनवाल्यांत स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, पुढच्या वर्षांत तर तो कमीच दिसला. सगळा दोष इस्ट्रोजेनच्या माथी मारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. अर्थात संन्यासीही अगदी निर्मळ नव्हता: पक्षाघाताचा धोका वाढला, म्हणून २००४ मध्ये तोही भाग थांबवला. मग सगळ्यांना नुसतं इस्ट्रोजेनच का देत नाहीत? कारण पिशवी असलेल्या बाईला ते एकटं दिलं की अस्तराचा कॅन्सर वाढतो, हे १९७५ मध्येच दिसलं होतं.

आज साधारण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, हॉट फ्लशनं, म्हणजे अंगातून अचानक येणाऱ्या गरम वाफांनी, झोप उडालेल्या बाईला हॉर्मोन थेरपीचा बहुधा फायदाच जास्त होतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, पूर्वी रक्ताची गुठळी झालीय, लिव्हरचा आजार आहे, अशांना सहसा देत नाहीत. हे ठरवायचं ते समोर बसलेल्या बाईचा इतिहास विचारून.

राहिलं 'काम संपलं'. हाडांना विचारा. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची २० टक्क्यांपर्यंत झीज होऊ शकते. पुरुषालाही इस्ट्रोजेन लागतं, हे १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या तरुणामुळे कळलं. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हतं. उंची २०४ सेंटीमीटर, ती अजून वाढतच होती, आणि हाडं ठिसूळ. ज्यांची पाळी चाळिशीच्या आतच जाते त्यांना तर, काही अडचण नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत हॉर्मोन घ्यायला सांगतात. त्यांनी हा मेसेज मनावर घेतला तर नुकसान त्यांचंच सगळ्यात मोठं.

मेसेजची शेवटची ओळ वाचून मात्र मी हातातला चहा खाली ठेवला. पेय घेताना पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं तर घाबरू नये म्हणे, 'घाण बाहेर पडतेय'. नाही! पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरांकडे जायचं, सोनोग्राफी करायची, लागलं तर अस्तराचा तुकडा तपासायचा. बहुतेकींमध्ये कारण साधं निघतं, पण दहातल्या एकीच्या आसपास तो कॅन्सर असतो, आणि लवकर सापडला तर बहुधा बरा होतो. डिटॉक्सचे चाळीस दिवस पुरे व्हायची वाट बघू नका.